मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या पाळकांस आणि पंचांस: आमच्या मुलांना व्यासपीठ नको, हॉलची किल्ली द्या

आदरणीय पाळकसाहेब, पास्टरेट कमिटीचे पंच आणि तरुण संघांचे पदाधिकारी यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

हे पत्र कोणा एका मंडळीवर रोख धरून लिहिलेले नाही. ज्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला ती नगर जिल्ह्यातली आहे (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी अजून नगरच आहे). तरीही जे लिहितो आहे ते नाशिक, जालना, सोलापूर, पुणे येथील मंडळ्यांनाही कमीअधिक लागू पडेल, कारण मला आलेली निमंत्रणे या सगळ्या बाजूंनी आलेली आहेत. गेल्या उज्जीवन सभांच्या (श्रद्धा नव्याने जागवण्यासाठी भरणाऱ्या मोठ्या सभांच्या) हंगामात मला चार ठिकाणांहून निरोप आला, आणि चारही निरोपांचा मजकूर जवळजवळ एकच होता: “व्यसनातून सुटलेल्या दोन-तीन तरुणांना साक्ष देण्यासाठी घेऊन या,” म्हणजे प्रभूने आपल्याला कसे सोडवले ते त्यांनी मंचावरून सांगावे. चारही वेळा मी नकार दिला. त्यामुळे काही वडीलधारी मंडळी दुखावली, आणि “आता हा स्वतःला मोठा समजू लागला” असेही कोणी म्हणाले. नकाराचे कारण मी तेव्हा फोनवर नीट सांगू शकलो नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

व्यसनात सापडलेल्या काही तरुणांबरोबर मी दर मंगळवारी बसतो; त्यांपैकी एकाची हकीकत आधी सांगतो. त्याचे नाव, गाव, वय मी देणार नाही. शाळा सुटल्यावर गांजा, मग झोपेच्या गोळ्या (आमच्याकडे मुले त्यांना ‘बटण’ म्हणतात) आणि शेवटी एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ), असा त्याचा प्रवास झाला. उपचार घेऊन तो तीन महिने स्वच्छ राहिला. तेवढ्यात एका सभेत त्याला मंचावर बोलावण्यात आले. हजारभर माणसांसमोर त्याने आपली सगळी लाज उघडी केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, हालेलुया झाले, त्याच्या खांद्यावर शाल आली, आणि त्याच्या आईने मंचाखाली उभे राहून रडून घेतले. सतराव्या दिवशी त्याने पुन्हा एमडी घेतले. घसरणे ही या आजारात अनपेक्षित गोष्ट नाही, मी स्वतः दोनदा घसरलो आहे. पण मी घसरलो तेव्हा मला परत यायला वाट होती, कारण माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवलेल्या नव्हत्या. या मुलाने मात्र ज्या हजार लोकांसमोर “प्रभूने मला मुक्त केले” असे म्हटले, त्यांच्यासमोर आता कोणत्या तोंडाने जायचे? आजतागायत तो उपासनेला आलेला नाही. तो खोटे बोलला नव्हता. ज्या दिवशी बोलला त्या दिवशी ते खरेच होते. आपण त्या तीन महिन्यांच्या कोवळ्या सत्यावर हजार माणसांचे वजन टाकले, एवढीच आपली चूक, आणि तिची किंमत त्याने एकट्याने भरली.

असे करू नये हे पवित्र शास्त्र आपल्याला माझ्यापेक्षा आधी सांगून गेले आहे. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला मंडळीच्या अध्यक्षाच्या पदाविषयी लिहिताना नवशिक्या माणसाला ती जबाबदारी देऊ नये असे बजावले आहे, कारण तो गर्वाने फुगून पडण्याचा धोका असतो. आपण हा नियम पाळक निवडताना आठवतो, आणि व्यसनातून कालपरवा उठलेल्या पोराच्या हाती माईक देताना विसरतो. शुभवर्तमानातली गरसेकरांच्या प्रदेशातल्या त्या भूतग्रस्त माणसाची गोष्टही पुन्हा वाचावी. कबरांत राहणारा, बेड्या तोडणारा तो माणूस येशूने बरे केल्यामुळे शुद्धीवर आल्यावर येशूबरोबर होडीत चढू पाहत होता. आजच्या हिशेबाने त्याच्याइतकी उत्तम साक्ष दुसरी मिळाली नसती. गावोगावी फिरवता आला असता. येशूने त्याला होडीत घेतले नाही. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा, असे सांगितले. पुढे त्याने दकापलीसच्या मुलखात आपली हकीकत सांगितली हे खरे आहे, पण ती आपल्या मुलखात, ओळखीच्या लोकांत, स्वतःच्या पायाने जाऊन सांगितली.

आता माझ्याविषयी थोडे. मी तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती आहे. आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते, आई स्त्री-मंडळाची खजिनदार होती, आणि उपासनेतली गीते मला इतकी तोंडपाठ होती की मी ती गुत्त्यातही म्हणत असे. हे लिहिताना आजही कानशिले तापतात. एमआयडीसीत टर्नर म्हणून चांगली नोकरी होती. ती गेली, मग बायको मुलांना घेऊन माहेरी गेली, मग आईच्या बांगड्या गेल्या. या भागात विशेष असे काही नाही. दारुड्यांच्या हकीकती एकमेकींसारख्याच असतात, आणि ऐकणाऱ्याला त्यांत जेवढा रस वाटतो तेवढा सांगणाऱ्याला वाटत नाही.

२०११ च्या फेब्रुवारीत एका सद्भावी प्रार्थना-गटाने माझ्या डोक्यावर हात ठेवले. मी रडलो, घरी येऊन उरलेली बाटली मोरीत ओतली, आणि “आता तुला औषधाची गरज नाही” हे त्यांचे वाक्य मी मनापासून मानले. दुसऱ्या दिवशी हात असे थरथरू लागले की पाण्याचा पेला धरता येईना. त्या रात्री मला आकडी आली. शेजाऱ्याने रिक्षात घालून दवाखान्यात नेले, आणि तिसऱ्या दिवशी तिथल्या पांढऱ्या भिंतीवर मला मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या, ज्या दुसऱ्या कोणालाच दिसत नव्हत्या. डॉक्टरांनी थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शने दिली, कंप आणि आकडी रोखणाऱ्या गोळ्या दिल्या, त्यांची मात्रा रोज थोडी थोडी उतरवत नेली, आणि माझ्या भावाला बाजूला घेऊन सांगितले की आणखी एक रात्र घरी काढली असती तर कदाचित हा राहिला नसता.

हे सांगण्यामागे त्या प्रार्थना-गटाला दोष देण्याचा हेतू नाही. त्यांनी प्रेमानेच केले. पण रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या दाबाविरुद्ध सतत जोर लावून उभा असतो, आणि तो दाब एका रात्रीत काढून घेतला की तो आपल्याच जोराने पुढे कोसळतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, त्यानंतरच्या दोन दिवसांत भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात, आणि उपचार न मिळाल्यास त्यात माणसे मरतात. म्हणून पाळकसाहेब, आपल्यासमोर कोणी रोजचा पिणारा मनुष्य रडत गुडघे टेकेल तेव्हा प्रार्थना जरूर करावी, पण ती संपल्यावर त्याला “आजच बंद कर” असे न सांगता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतून निरोप घेतला नव्हता. त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, दोन नाणी आगाऊ दिली आणि जास्त खर्च झाला तर परत येताना भरीन असे सांगितले. उपचाराचा खर्च आणि नंतरची चौकशी, दोन्ही त्या दाखल्यात आहेत. आपल्या सभांच्या मांडवाचा आणि ध्वनिक्षेपकाचा खर्च पाहता अशी दोन नाणी कोणत्याही मंडळीला जड नाहीत.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या आणि दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीत असे आढळले की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळते. उरलेले सदतीस कुठे असतात? माझ्या अनुभवाने सांगतो, त्यांतले काही आपल्याच मंडळीच्या मागच्या बाकावर असतात.

दवाखान्यातून मी पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तिथे मला सांभाळणारे समुपदेशक ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांनी माझ्यासाठी जे केले ते माझ्या मंडळीने केले नव्हते, हे मला लपवायचे नाही. तिथेच मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी निनावी राहून एकमेकांना आधार देण्याच्या, बैठकांना बसू लागलो. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन गावी सुरू झाली. शेअर बाजारात काम केलेला बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक बॉब स्मिथ, हे तिचे दोन्ही प्रवर्तक, ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या सहवासातून आलेले होते, आणि पापकबुली, झालेल्या नुकसानीची भरपाई, दुसऱ्याला साहाय्य या गोष्टी त्यांनी तिथूनच उचलल्या. तरीही त्यांनी देवाविषयी बोलताना ‘ज्याला जसा उमगेल तसा’ अशी मोकळीक ठेवली, आणि छापील मजकुरात किंवा जाहीर माध्यमांत सभासदाने आपले पूर्ण नाव देऊ नये हे तत्त्व करून टाकले. आपण ज्याला साक्षीचा संकोच म्हणतो, ती त्यांनी शहाणपणाने घातलेली कुंपणे आहेत. जगभर पसरलेली ही चळवळ निनावी राहून पसरली, हे आपल्या फलक-संस्कृतीने जरा थांबून पाहावे.

मग मला विश्वास कुठे सापडला, असे कोणी विचारेल. तो मला सभेत सापडला नाही. केंद्रातून परत आल्यावर पहिले काही महिने मंडळीत माझ्याशी फारसे कोणी बोलत नसे. चर्चची घंटा वाजवणारे एक वृद्ध सेवक होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी मला एवढेच सांगितले, “शनिवारी सहाला येत जा, बाके पुसायला माणूस नाही.” ना त्यांनी माझी हकीकत विचारली, ना उपदेश केला. मी येत गेलो. ते पुढची बाके पुसत, मी मागची, आणि काम झाल्यावर ते गुडघ्यावर हात टेकून प्रभूची प्रार्थना म्हणत. सहाची वेळ त्यांनी मुद्दाम निवडली होती हे मला दोन वर्षांनी कळले. गुत्ता सहाला भरतो, हे त्यांना ठाऊक होते; का ठाऊक होते ते त्यांनी कधी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. अशाच एका शनिवारी, लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेल्या त्या प्रार्थनेतल्या ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या ओळीतला ‘आज’ हा शब्द मला पहिल्यांदा ऐकू आला. भाकर मागायची ती आजची. महिन्याचा शिधा मागायचा नाही, वर्षभराची शुद्धताही मागायची नाही. मी तोपर्यंत देवाकडे “जन्मभर दारू सुटू दे” असे मागत आलो होतो, आणि जन्मभराचा विचार मनात आला की घशाला कोरड पडून पाय गुत्त्याकडे वळत. त्या दिवसापासून मी सहा ते नऊ एवढीच वेळ मागू लागलो. मिळत गेली. यापेक्षा मोठा चमत्कार माझ्या पदरी नाही, आणि कदाचित म्हणूनच सभांच्या आयोजकांना माझी हकीकत जरा फिकी वाटते.

२०१६ पासून मी मंगळवारी संध्याकाळी सात वाजता काही तरुणांबरोबर बसतो. जागा एका सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची खोली. सुरुवातीला मंडळीचा हॉल मागितला होता, तेव्हा “ती मुले आली तर आपल्या मुलांवर परिणाम होईल” असे उत्तर मिळाले. (त्यांतली तीन मुले ‘आपलीच’ होती, हे तेव्हा उत्तर देणाऱ्यांना ठाऊक नव्हते.) आम्ही तिथे काय करतो याविषयी बरेच गैरसमज आहेत. पहिला अर्धा तास ज्याला बोलायचे तो बोलतो, बाकीचे ऐकतात, कोणी सल्ला देत नाही. मग मी त्यांना माझा धंदा शिकवतो: व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) धरणे, ड्रॉइंग वाचणे, एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने माप चुकले तर जॉब का नापास होतो ते. जे मूल आठवडाभर कोणाचेच ऐकत नाही ते मापाचे मात्र ऐकते, कारण माप कोणावर रागावत नाही. सातपैकी दोन जण आता कामाला आहेत. तिघे अधूनमधून घसरतात. एक निघून गेला. सातव्याची हकीकत वर आलीच आहे. सभेच्या मंचावरून सांगण्यासारखा हा आकडा नाही याची मला जाणीव आहे.

या कामाचे काही नियम मी चुका करून शिकलो, ते नव्याने काम सुरू करणाऱ्या तरुण संघांनी जरूर उचलावेत. अठरा वर्षांखालचे मूल असेल तर खोलीत नेहमी दोन प्रौढ माणसे हवीत, दार उघडे हवे, आणि आईवडिलांना ठाऊक हवे. मी कितीही सज्जन असलो तरी माझ्या सज्जनपणाच्या भरवशावर कोणाचे मूल सोडू नये. पैसे रोख हाती देऊ नयेत. रात्री दोनला फोन आला तर उचलावा, पण एकट्याने जाऊ नये. आणि जो नुकताच स्वतः सुटला आहे त्याने दुसऱ्याला सोडवायला जाऊ नये. मी पहिली पाच वर्षे गेलो नाही, आणि आज वाटते की ती पाचही वर्षे लागलीच.

आमच्याकडे येणाऱ्यांत निम्मी मुले हिंदू आणि मुसलमान घरांतली आहेत. मी त्यांना धर्मांतराविषयी एक शब्दही बोलत नाही, आणि तो बोलावा अशी अपेक्षा ज्या बंधूंनी व्यक्त केली त्यांना मी नम्रपणे नाही म्हटले आहे. ज्याचे हात थरथरत आहेत त्याच्या गरजेचा फायदा घेऊन मिळवलेला होकार हा होकार नव्हे. त्यांच्या आईबापांनी माझ्यावर विश्वास टाकला आहे, तो मला माझ्या प्रभूसमोर जपायचा आहे. कोणी विचारले तर माझा आधार कोण ते मी लपवत नाही, एवढेच. हे सौम्यपण कोणाला भेकडपणा वाटत असेल तर त्यांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण करावे. आयुष्यातली कितीतरी वर्षे आपल्या नगरात काढलेल्या या कवीने १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही. शंभर वर्षांपूर्वी आपल्यापाशी जी ऐसपैस सतरंजी होती ती आपण कुठे गुंडाळून ठेवली?

आणखी एक जुनी आठवण इथे जागी करणे भाग आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथील कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडले, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांनी ती बातमी पुण्याची म्हणून वाचली आणि पान उलटले. त्याच दौंड तालुक्यात केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये जे उज्जीवन झाले त्याचे दाखले आपण आजही प्रत्येक सभेत देतो. मात्र त्या उज्जीवनाच्या आधी रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या मुलींना छप्पर, अन्न आणि शाळा दिली होती, छापखाना चालवला होता, विणकाम आणि शेती शिकवली होती, हे आपण सांगत नाही. अश्रूंच्या आधी तिथे वर्षानुवर्षे भाकरी थापल्या गेल्या होत्या. आपल्याला १९०५ हवे असते, त्याच्या आधीची वर्षे नको असतात.

प्रार्थनेच्या विनंत्यांविषयीही दोन शब्द. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर “अमुक यांचा मुलगा नशा करतो, त्याच्यासाठी प्रार्थना करा” असा निरोप नावानिशी फिरतो, तेव्हा प्रार्थना किती होते ते देव जाणे, पण त्या मुलीचे किंवा मुलाचे लग्न, नोकरी आणि शेजार त्याच संध्याकाळी अडचणीत येतात. कृपया नावे घेऊ नयेत. प्रभूला नाव ठाऊक आहे.

पालकांना पोलिसांची भीती असते, आणि तिच्यापोटी ते उपचार लांबवतात. त्यांना आपण धीर द्यावा. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात ६४-अ हे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेली तर तिला खटल्यातून संरक्षण मिळू शकते, मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. चर्चच्या सूचनाफलकावर सहलीच्या आणि सेलच्या जाहिरातींशेजारी हा क्रमांक लावायला कोणाची परवानगी लागू नये.

शेवटी घसरणाऱ्यांविषयी, कारण आपला खरा कस तिथेच लागतो. गायनवृंदातल्या एका मुलाला अकरा महिन्यांनंतर पुन्हा प्याला म्हणून काढून टाकण्यात आले, आणि त्याच मंडळीत लग्नाच्या आदल्या रात्री मांडवामागे जी दारूची पेटी उघडली जाते तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राचा बाप, घर सोडून गेलेला मुलगा परत येताना दूर असतानाच, धावत गेला. तो मुलगा पुन्हा एकदा घर सोडून गेला असता तर बापाने काय केले असते, हे त्या दाखल्यात सांगितलेले नाही. मला वाटते तो पुन्हा धावला असता, कदाचित आधीपेक्षा जरा हळू, कारण वय झाले असते. मधुमेहाच्या रोग्याची साखर वाढली म्हणून आपण त्याला प्रभुभोजनाच्या मेजावरून उठवत नाही.

तेव्हा विनंती अशी आहे की, येत्या उज्जीवन सभेसाठी माझ्याकडे मुले मागू नयेत, आणि सुटून निदान दोन वर्षे झालेली नाहीत अशा कोणालाही, तो स्वतः कितीही उत्साही असला तरी, मंचावर चढवू नये. त्याऐवजी दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहा ते नऊ या वेळेत मंडळीचा हॉल आम्हाला वापरू द्यावा. पंखे आणि दिवे यांचा खर्च आम्ही भरू, सतरंज्या आम्ही उचलू, बाके पुसून ठेवू. सायकलवाल्यांना खोली पुढच्या महिन्यात रिकामी हवी आहे, त्यामुळे हा विषय येत्या कमिटीच्या सभेत घ्यावा, आणि निर्णय अनुकूल झाल्यास किल्ली कोणाकडून घ्यायची तेवढे कळवावे.

ख्रिस्तात आपला,
मंडळीचा एक सभासद